वेणी वर बांधा, श्वास धरा

नोकरीच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत मी लोकांना एकच वाक्य सांगत आले: श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. लोणावळ्याकडच्या एका सरकारी रुग्णालयात मी क्ष-किरण तंत्रज्ञ होते, म्हणजे एक्स-रे काढणारी. पण आमच्या मावळात जुनी माणसं एक्स-रे म्हणत नाहीत, 'फोटो' म्हणतात. त्यामुळे मी फोटोवाली बाई. कामशेतच्या बाजारात भाजी घेत असले की अजूनही मागून कोणीतरी ओरडतं, "ओ बाई, धरलाय श्वास! सोडू का?" मी म्हणते, "सोडा आता, सात वर्षं झाली!"

माझे वडील वडिवळ्याच्या बाजूला लोकांच्या भातखाचरांत राबायचे. त्यांना सही येत नव्हती. मला शाळेत घातलं त्या सकाळी दारातच थांबवून ते म्हणाले, "मला अक्षर कळत न्हाई, मी तुला काय शिकवू? येकच सांगतो. शेजारणीच्या पाटीत बघून लिवू नगं. चुकलं तरी आपलं चुकू दे." त्यांनी मला शिक्षणाबद्दल दिलेला सल्ला एवढाच. त्या सल्ल्यावर मी शाळा केली, बी.एस्सी. झाले, पुण्यात एक्स-रेचा कोर्स केला आणि आमच्या वस्तीतली पहिली पदवीधर म्हणून सत्कारात एक नारळ आणि एक स्टीलचा डबा मिळवला. डबा अजून वापरात आहे.

पदवी मिळाली तरी काम शिकवलं ते गेनूभाऊंनी. ते आमचे डार्करूमचे मदतनीस, सातवी नापास. त्या काळी फोटो लगेच दिसत नसे. फिल्म काढायची, अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली डेव्हलपरमध्ये बुडवायची, मग पाण्यात, मग चित्र पक्कं करणाऱ्या हायपोत, आणि शेवटी दोरीवर कपड्यांसारखी वाळत घालायची. गेनूभाऊ ओली फिल्म दिव्यासमोर धरायचे आणि डॉक्टरांच्या आधी मला सांगायचे, "बाई, ह्याला परत बोलवा. ह्यानं खांदं पुढं घेतलं न्हाईत. फुप्पुस निम्मं खांद्याच्या हाडामागं गेलंय."

बाहेरच्या माणसाला वाटतं, एक्स-रे म्हणजे बटण दाबणं. बटण दाबायला कितीसा वेळ लागतो? खरं काम त्याच्या आधीचं. हे किरण अंगातून आरपार जातात आणि वाटेत जे जे येईल त्याची सावली पाडतात. हाडाची सावली, हृदयाची सावली. तशीच गळ्यातल्या मण्यांची, ब्लाउजच्या हुकांची, खिशातल्या नाण्याची. मशीनला आतलं आणि बाहेरचं वेगळं कळत नाही. म्हणून हनुवटी वर, खांदे पुढे, हात कमरेवर, गळ्यातलं काढून ठेवायचं आणि बायकांची वेणी वर बांधायची. वेणीसाठी गेनूभाऊंनी चिक्कीचा एक जुना पत्र्याचा डबा ठेवला होता. त्यात आकडे, पिना, रबर. मी रुजू झाले तेव्हा त्यांनी तो माझ्या हाती दिला. "ह्ये आता तुमी सांभाळा. म्या बाप्या मानूस, बायकांच्या केसाला हात कसा लावनार? फोटो मशीन काढतंय, बाई. मानूस आपन हुबा करायचा."

माणूस उभा करणं सोपं नसतं. एकदा एक पैलवान आला. त्याचा ताईत दंडावर नव्हता, नेमका गळ्यात, छातीच्या मधोमध. म्हणाला, "वस्तादानं बांधलाय. मेलो तरी अंगावरनं काढनार न्हाई." मी समजावून थकले. गेनूभाऊ आतून आले आणि म्हणाले, "काढू नका पैलवान. दातात धरा. अंगावरच राहील." पैलवानाने ताईत दातांत घट्ट धरला. माझ्या सबंध नोकरीत इतका छान श्वास कोणी धरला नसेल. दुसऱ्या एक आजी फोटो झाल्यावर जागच्या हलेनात. मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "बाई, ह्यात मनातलं बी दिसतं का गं?" मी म्हटलं, "नाही आजी." "मग बरं हाय," त्या म्हणाल्या, "सून भाईर हुबी हाय."

पण त्या दिवसांचं नुसतं कौतुक केलं तर ते खोटं होईल. आमच्याकडे फोटो वाचणारे तज्ज्ञ डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे. तोवर फोटो कपाटात आणि माणूस घरी खोकत. माझे सख्खे चुलते असेच पाच दिवस कपाटात थांबले होते. फोटो मीच काढला होता, उत्तम काढला होता, पण वाचायचा अधिकार मला नव्हता. पुढे औषध सुरू झालं, तोवर उशीर झाला होता. ते पाच दिवस मी विसरलेले नाही.

म्हणून निवृत्तीनंतर गावोगावच्या टीबी तपासणी शिबिरांसाठी मला करारावर बोलावलं आणि नवं मशीन समोर ठेवलं, तेव्हा मला भीती वाटली नाही. मला चुलते आठवले. एवढंसं मशीन, लग्नात फोटो काढणाऱ्याच्या कॅमेऱ्याएवढं. तीन पायांच्या तिकाटण्यावर बसवायचं, समोर स्टँडवर प्लेट टांगायची, पुढचं काम लॅपटॉपचं. पडद्यावर दोन फोटो येतात. डावीकडे साधा फोटो. उजवीकडे तोच फोटो, पण कृत्रिम बुद्धिमत्तेने वाचलेला: जिथे टीबीचा संशय तिथे लाल चौकट. सगळं मिनिटाच्या आत. आमच्या तरुण डॉक्टर मॅडमनी मला समजावलं की या यंत्राला आधी इतके फोटो दाखवलेत, तितके आपण दोन जन्म घेतले तरी पाहणार नाही.

वलवणच्या शिबिरात त्याने मला पहिला धडा दिला. सोपानआबा म्हणून एका बंगल्यावर माळीकाम करणारे सत्तरीचे गृहस्थ. ताठ, बोलके. फोटो मी डावीकडचा पाहिला आणि म्हटलं, स्वच्छ. उजवीकडे गळ्याच्या हाडामागे छोटी लाल चौकट. मी मॅडमना म्हटलं, "हाडावर हाड आलंय, त्याची सावली आहे. जाऊ द्या त्यांना." मॅडम म्हणाल्या, "थुंकी तपासू. एक डबीच तर द्यायची आहे." तपासणीत टीबी निघाला. सहा महिने गोळ्या खाऊन आबा बरे झाले आणि उन्हाळ्यात पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन आले. "बाई, तुमच्या त्या डबड्यानं वाचवलं बगा." मी करवंदं खाल्ली. गोड होती. जरा आंबटही होती, कारण माझ्या नजरेला जे दिसलं नाही ते डबड्याला दिसलं होतं.

त्यानंतर मी त्याचं कौतुक जिथे तिथे करू लागले आणि ते कौतुक आजही खरं आहे. ते दमत नाही. सकाळचा पहिला माणूस आणि दुपारचा शंभरावा त्याला सारखाच. पाटलाच्या आणि मजुराच्या फुप्फुसात ते फरक करत नाही. ज्या गावात तज्ज्ञ डॉक्टर कधीच पोचला नसता, तिथे ते माझ्याबरोबर जीपमध्ये मांडीवर बसून येतं.

फक्त एक गोष्ट माझ्या नकळत झाली. पहिल्या महिन्यात मी आधी डावा फोटो पाहायची, मग उजवा. मग आधी उजवा पाहू लागले, डावा खात्रीपुरता. मग नुसता उजवा. आणि याच्यापाठोपाठ आणखी एक गोष्ट गेली. फोटो नीट काढायचा, कारण तो आपल्याला वाचायचा असतो. वाचणं दुसऱ्याकडे गेलं तसा माझा काढण्यातला जीवही कमी झाला. खांदे थोडे मागे राहिले तर राहू देत, ते वाचेलच की. चिक्कीचा डबा पिशवीत असायचा, पण त्याचं झाकण उघडेनासं झालं.

मग ते शिबिर आलं. वडिवळ्याच्या पुढचं एक गाव, शाळेची पडवी. गावाचं नाव लिहीत नाही. ज्या बाईची ही हकिगत आहे तिला मी विचारलं, तर ती म्हणाली, "माझं लिवा, गावाचं नको. त्यांला तोंड दावायचंय मला." तिचं नाव सुनंदा. शाळेत मुलांची खिचडी शिजवायचं काम तिच्याकडे नऊ वर्षं. त्या दिवशी रांग हापशापर्यंत गेली होती. सुनंदा स्वयंपाकातून मधेच पळत आली, डोकं नुकतंच धुतलेलं, तेल लावलेली जाडजूड ओली वेणी डाव्या खांद्यावरून पुढे आलेली.

"मावशी, माजं बिगी घ्या, तिकडं डाळ लागंल."

"हो हो, उभी राहा. श्वास घे. धर."

मी बटण दाबलं. उजवीकडच्या फोटोत, डाव्या फुप्फुसाच्या टोकावर, मोठी लाल चौकट उमटली. आमची पद्धत अशी की चौकट आली की त्या माणसाला लिंबाखालच्या बाकावर बसवायचं, मागाहून थुंकीची डबी द्यायची. पद्धत मीच पाडली होती, गोंधळ होऊ नये म्हणून. मी सुनंदाला म्हटलं, "त्या बाकावर बस." ती बसली. रांगेतल्या सगळ्या बायांनी पाहिलं. खिडकीतून वर्गातल्या मुलांनी पाहिलं. त्या बाकाचा अर्थ तोवर सगळ्या गावाला कळला होता.

तिसऱ्या दिवशी मी आणि मॅडम शिबिराच्या नोंदी करत बसलो असताना सुनंदा रुग्णालयात आली आणि रिकामी डबी टेबलावर ठेवली.

"ही घ्या तुमची डबी. मला खोकला न्हाई, ताप न्हाई. बेडका आनू कुटनं? शेजारनीचा मागून आनू?"

मॅडमना हसू आलं. सुनंदाला आलं नाही.

"हसू नका मॅडम. शाळेनं सांगितलंय, निकाल येईस्तोवर घरी थांब. तितं दुसरी बाई लावली. तेचं बी काय न्हाई. पर काल हळदीकुंकवाला गेलते, तर माज्या हातचं पानी कोन घेईना. माझी लेक चौथीत हाय. तिच्या शेजारी कोन बसंना. नऊ वर्सं ह्यांच्या पोरांला जेवू घातलं मी. आता माजा हात इटाळला व्हय?"

मी काय म्हटलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी म्हटलं, "सुनंदा, मशीन सहसा चुकत नाही गं."

तिने रागाने वेणी मागे भिरकावली. ती वेणी मी पाहिली.

मी लॅपटॉप उघडला आणि तिचा डावा, साधा फोटो पहिल्यांदाच पाहिला. हो, पहिल्यांदाच. फुप्फुसाच्या टोकावर ढगासारखी सावली होती. पण ढग असा नसतो. या सावलीला पेड होते. आणि ती फुप्फुसात थांबत नव्हती. गळ्याचं हाड ओलांडून वर मानेपर्यंत गेली होती. रोग फुप्फुसातून बाहेर पडून खांद्यावर चढत नाही. मला गेनूभाऊंचा आवाज ऐकू आला, "बाई, ह्या बाईला परत बोलवा." ते आता या जगात नाहीत. असते तर ओल्या फिल्मवर नुसती नजर टाकून त्यांनी हे सांगितलं असतं.

मी पिशवीतून चिक्कीचा डबा काढला. झाकण गंजून घट्ट बसलं होतं, चमच्याच्या दांड्याने उचकटावं लागलं. सुनंदाची वेणी गुंडाळून डोक्यावर अंबाडा बांधला, चार आकडे लावले, खांदे पुढे घेतले, हनुवटी वर केली. "श्वास घे. धर. सोड." नव्या फोटोत दोन्ही फुप्फुसं आरशासारखी. उजवीकडेही चौकट नाही. मॅडमनी तिला नीट तपासलं, दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले आणि म्हणाल्या, "काहीही नाही तुम्हाला."

सुनंदाने वाकून दोन्ही फोटो पाहिले. मग म्हणाली, "म्हंजी माज्या वेनीला टीबी झालता व्हय?"

मॅडमनी शाळेसाठी पत्र लिहिलं. पण पत्राने बाकावरून कोणी उठत नाही. ज्यांनी तिला बसताना पाहिलं त्यांनीच तिला उठताना पाहायला हवं होतं. आम्ही तिघी दुसऱ्याच दिवशी गावात गेलो. मुख्याध्यापकांनी आयांना बोलावलं होतं, गावातले दोन-चार आबाही येऊन टेकले होते. मी दोन्ही फोटो दाखवले आणि सुनंदाला काही झालेलं नाही म्हणून सांगितलं.

एक आबा लगेच म्हणाले, "म्हंजी मशीन खोटं बोललं म्हना की! म्या म्हनतच हुतो. मानसाचं काम मानसानंच करावं."

सगळ्यांनी माना हलवल्या. मॅडमही गप्प राहिल्या. त्या मला वाचवू पाहत होत्या हे मला कळलं. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. यंत्राला ना अब्रू ना नातेवाईक. दोष घेऊन ते निमूट जीपमध्ये बसलं असतं. आणि मी फोटोवाली बाई तशीच राहिले असते, बाजारात चेष्टा ऐकणारी, मानाची.

पण मला सोपानआबा आठवले. मी 'हो' म्हटलं असतं तर उद्या या गावातला एखादा सोपान त्या मशीनपुढे उभाच राहिला नसता. आणि दारात थांबवून बोलणारे माझे वडील आठवले. चुकलं तरी आपलं चुकू दे, म्हणाले होते. मी तर यंत्राच्या पाटीत बघून लिहिलं होतं आणि वर चूक त्याच्या नावावर लावणार होते.

मी म्हटलं, "आबा, मशीन खोटं बोललं नाही. मी त्याच्यापुढे जे उभं केलं ते त्याने वाचलं. वेणी वर बांधायचं काम त्याचं नाही, माझं होतं. ते मी केलं नाही. आलेला फोटो डोळ्यांनी बघायचा, तोही मी बघितला नाही. आणि हिला सगळ्यांच्या देखत बाकावर बसवलं तेही मीच. सुनंदा, तुझी माफी मागते."

मग एक बाई फणकाऱ्याने म्हणाली, "येवढी वर्सं फोटू काढताय आन् येवढी दांडगी वेनी दिसली न्हाई तुमाला?"

"दिसली होती. घाईत सोडून दिली."

यावर मला आणखी ऐकावं लागलं असतं, पण मागून सुनंदा उठली. "बास झालं. मावशींनी कबूल केलंय, आजून काय फाशी द्यायची का? आता तुमी सांगा, त्या दिशी कोन कोन वेनी सोडून हुबी व्हती? खरं सांगा, मी तितंच व्हते." एकेक करत अकरा हात वर झाले. पुढच्या आठवड्यात त्या अकराजणींचे फोटो मी पुन्हा काढले, अंबाडे बांधून. निकाल प्रत्येकीला आत बोलावून सांगितला. लिंबाखालचा बाक मी स्वतः उचलून वर्गात नेऊन ठेवला.

सुनंदा कामावर परत रुजू झाली त्या दिवशी मी मुद्दाम शाळेत गेले. पहिल्या पंगतीला निम्म्याच मुलांनी ताटं पुढे केली. बाकीची आयांच्या धाकाने भिंतीला टेकून उभी. मी मुलांमध्ये मांडी घालून बसले आणि दोनदा खिचडी मागून घेतली. डाळ थोडी लागली होती, हे खरं. तिचं लक्ष ताटांकडे होतं. भिंतीजवळची मुलं एकेक करून सरकत आली, काही त्या दिवशी, काही त्या आठवड्यात. चौथीच्या वर्गात तिच्या लेकीशेजारची जागा भरायला मात्र महिना लागला. तो महिना माझ्या नावावर आहे आणि तो मला कोणत्याही पद्धतीने परत करता येत नाही.

आता आसपासच्या गावात शिबिर असलं आणि शाळेला सुट्टी असली की सुनंदा आपणहून येते. चिक्कीचा डबा मांडीवर घेऊन रांगेच्या तोंडाशी बसते. "ये गं, वर बांध ती वेनी. न्हाईतर माज्यावानी फुकट मरशील!" तिच्या हातचे अंबाडे माझ्यापेक्षा पक्के असतात. मी माणूस उभा करते. हनुवटी, खांदे, श्वास. हे काम यंत्राने माझ्याकडून घेतलेलं नव्हतं. मीच ते खाली ठेवलं होतं.

गेल्या शिबिरात फोटो आला तसा मी नव्या सवयीने पडद्याच्या उजव्या अर्ध्या भागावर तळहात ठेवला, डावा फोटो नीट पाहिला आणि वहीत माझं मत लिहिलं. मागून डॉक्टर मॅडम आल्या. त्यांनी हे पहिल्यांदाच पाहिलं होतं.

"काय झाकताय बाई?"

"शेजारणीची पाटी," मी म्हटलं, आणि लिहून झाल्यावर हात काढला.